एका तांबड्या गाडीची चाकरी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे येतात, लढाया येतात, तह येतात. यंत्रांनाही इतिहास असतो हे आपण मान्य करतो. पण तिथेसुद्धा शोध कुणी लावला आणि कोणत्या साली लावला, एवढे सांगून धडा संपतो. त्यानंतर ते यंत्र किती वर्षे राबले, त्याला कुणी तेलपाणी केले, आणि शेवटी ते कामावरून का उतरले, हा भाग पुस्तकात येत नाही. वास्तविक यंत्राचे खरे आयुष्य म्हणजे हाच भाग. माणसाच्या चरित्रात नुसते बारसे सांगून कोणी थांबतो का?

तेव्हा श्रोतेहो, आज एका यंत्राचे चरित्र सांगावे असे योजले आहे. हे यंत्र म्हणजे जपानची राजधानी टोकियो इथली एक भुयारी आगगाडी. आगगाडी आपली बोलायची रीत. हिला आग नाही नि धूरही नाही, ही विजेवर चालते. शहराच्या रस्त्यांखाली बोगदे खणून त्यांतून अशा गाड्या नेतात. आपल्या मुंबईत २०२४ साली भुयारी मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला आणि तिच्या खर्चासाठी जपानने मोठे कर्ज दिले, हे पुष्कळांच्या वाचनात आले असेल. खुद्द टोकियोत मात्र अशी पहिली गाडी १९२७ सालच्या डिसेंबरात धावली. आपली गोष्ट आहे ती तिथल्या दुसऱ्या मार्गाच्या गाडीची. मार्गाचे नाव मारुनोउची. गाडीचे नाव म्हणावे तर नुसता आकडा आहे: ३०० जातीची गाडी, आणि तिच्या पाठच्या बहिणी ४०० आणि ५०० जातीच्या.

ही गाडी जन्मली तो काळ आधी ध्यानात घ्यायला हवा. टोकियोतल्या भुयारी मार्गांसाठी १९४१ साली एक निमसरकारी संस्था स्थापन झाली. दुसऱ्या मार्गाचे काम १९४२ साली सुरूही झाले. पण युद्ध पेटलेले. लोखंड नाही, सिमेंट नाही, माणसे नाहीत. १९४४ साली काम बंद पडले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये एका रात्रीच्या बाँबहल्ल्यात टोकियोचा पूर्वेकडचा मोठा भाग जळून गेला. सुमारे १ लाख माणसे मेली. ऑगस्टमध्ये जपान शरण आला आणि देशावर अमेरिकेच्या सैन्याचा अंमल बसला. अशा शहरात पुन्हा बोगदा खणायची भाषा म्हणजे घर जळाल्यावर माडी बांधायचा विचार! पण शहर पुन्हा माणसांनी भरत होते. त्यांना कामावर न्यायचे कसे हा प्रश्न रोज वाढत होता. १९५१ साली कुदळ पुन्हा पडली, आणि २० जानेवारी १९५४ रोजी इकेबुकुरो ते ओचानोमिझु हा ६.४ किलोमीटरचा मार्ग खुला झाला. युद्धानंतर टोकियोत उघडलेला हा पहिला भुयारी मार्ग.

त्यावर धावायला ३०० जातीचे ३० डबे बांधले होते. लोकांनी पाहिले ते आधी रंगाकडे. गाडी लखलखीत तांबडी! खिडक्यांच्या उंचीवर पांढरा पट्टा, आणि त्या पट्ट्यावर पाण्याच्या लाटेसारखी वळणे घेत गेलेली चकचकीत धातूची पट्टी. हा तांबडा रंग संस्थेच्या अध्यक्षांनी परदेशात पाहिलेल्या सिगारेटच्या डब्यावरून घेतला, असे सांगतात. ते काही असो. राखेतून उठणाऱ्या शहरात ही गाडी उठून दिसली असेल यात शंका नाही.

पण गाडीचे खरे वैशिष्ट्य होते तिच्या पोटात. जपानची मित्सुबिशी ही विजेची यंत्रे बनवणारी कंपनी. तिने अमेरिकेच्या वेस्टिंगहाउस कंपनीकडून परवाना घेऊन त्यांच्या पद्धतीच्या मोटरी, दातेरी जोडण्या आणि ब्रेक जपानात तयार केले. न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्यांवर जे तंत्र नव्याने आले होते, तेच हे. विचार करा, दहा वर्षांपूर्वी ज्या देशाशी जीवघेणी लढाई झाली, त्याच देशाचे तंत्र पैसे मोजून आणले आणि आपल्या कारखान्यात, आपल्या कारागिरांच्या हातून बनवून पाहिले. विद्या कुणाची आहे हे न बघता ती आपल्या हाताला वळली पाहिजे, एवढे त्यांनी पाहिले.

त्या तंत्रात नवीन काय होते? थोडक्यात सांगतो. जुन्या विजेच्या गाडीत मोटरीचा बराचसा भार थेट चाकांच्या आसावर टेकलेला असे. रुळाच्या सांध्यावरून चाक गेले की बसणारा दणका सरळ मोटरीला. बैलगाडीत नुसत्या आसावर बसून प्रवास केला तर हाडांचे काय होईल, तेच मोटरीचे होई. नव्या गाडीत मोटर स्प्रिंगांवर तोललेल्या चौकटीला बांधली. आणि मोटर व आस यांच्यामध्ये दातेरी चाकांची अशी लवचिक जोडणी दिली की दोघांनी थोडे इकडेतिकडे हलले तरी शक्ती बिनबोभाट पोचावी. त्यामुळे आवाज कमी झाला, दणके कमी झाले, मोटरीचे आयुष्य वाढले. ब्रेकचेही तसेच. चालकाने एक मूठ फिरवली की मोटर उलट कामाला लागून वीज निर्माण करी आणि त्या ओढीने गाडी मंदावे. उरलेले काम हवेचे ब्रेक करीत, आणि विजेच्या इशाऱ्याने सगळ्या डब्यांना ते एकदम लागत. गाडीचा प्रत्येक डबा स्वतःच्या मोटरींवर चाले, म्हणून ती झटकन वेग घेई. मिनिटा-दोन मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीला हा गुण फार मोलाचा असतो.

मार्ग लांबत गेला तशा गाड्या वाढत गेल्या. १९५६ साली ४०० जातीचे डबे आले, ते वजनाने हलके केलेले. १९५७ पासून ५०० जातीचे येऊ लागले. त्यांत चालकाची खोली दोन्ही टोकांऐवजी एकाच टोकाला ठेवली आणि उतारूंना जागा वाढवली. या एका जातीचेच पुढे २३४ डबे झाले. १९५९ साली मार्ग शिंजुकूला पोचला, १९६२ साली ओगिकुबोला. याच वर्षांत जपान झपाट्याने उभा राहत होता. खेड्यांतून तरुण मुले-मुली शहरात येत होती. कारखाने, कचेऱ्या, दुकाने भरत होती. त्यांना रोज सकाळी नेणे आणि रात्री परत आणणे हे काम ही तांबडी गाडी करीत राहिली. एखाद्या देशाची भरभराट झाली असे आपण एका वाक्यात लिहितो. त्या वाक्याच्या पोटात अशा गाड्यांच्या लाखो खेपा असतात.

आता प्रश्न असा की इतकी चांगली गाडी टोकियोने काढून का टाकली? मोडली म्हणून? नाही. इथे जरा थांबायला हवे, कारण गोष्टीतले मर्म इथे आहे.

विजेच्या मोटरीला थांबलेल्या अवस्थेत एकदम पूर्ण वीज देता येत नाही. दिली तर मोटर जळेल. म्हणून त्या काळच्या गाड्यांत विजेच्या वाटेत अडथळे घालीत. त्यांना रोधक म्हणतात. गाडी वेग घेईल तसा एकेक रोधक बाजूला होई. पण या अडथळ्यांत अडलेली वीज जाते कुठे? तिची उष्णता होते. ब्रेक लावताना मोटरीने निर्माण केलेली वीजही अशीच रोधकांत जाळून टाकीत. उघड्यावरची गाडी असेल तर वारा ही उष्णता नेतो. बोगद्यात कोण नेणार? गाड्या वाढल्या, माणसे वाढली, तसतसा बोगदा तापू लागला. टोकियोचा उन्हाळा दमट असतो. १९७१ पासून तिथे काही भुयारी स्थानकांत गारवा करणारी यंत्रे बसू लागली. पण डब्यात वातानुकूलन बसवायचे तर डब्यातली उष्णता बाहेर, म्हणजे पुन्हा बोगद्यातच, टाकायची! तेव्हा मुळातच कमी उष्णता करणारी गाडी हवी होती. १९८८ साली मारुनोउची मार्गावर ॲल्युमिनियमचे हलके डबे आले. त्यांत वीज जाळून नव्हे, तर इलेक्ट्रॉनिक साधनांनी तोडून-जोडून मोजकी दिली जाई, आणि ब्रेक लावताना निर्माण झालेली वीज दुसऱ्या गाडीला वापरता येई. अशा गाडीपुढे जुनी गाडी मागे पडली. फेब्रुवारी १९९५ मध्ये ती मुख्य मार्गावरून उतरली, आणि १९९६ च्या जुलैत होनांचोच्या फाट्यावरूनही गेली.

म्हणजे पाहा, गाडीची चाके धड होती, मोटरी धड होत्या, सांगाडा धड होता. गाडी होती तशीच राहिली होती. तिच्या भोवतीचे शहर बदलले होते. आपण 'निकामी' हा शब्द फार सहज वापरतो. निकामी म्हणजे ज्याला काम उरले नाही ते. काम उरले नाही ते कुठे? इथे. दुसरीकडे असेल की!

आणि ते दुसरीकडे होते. फार लांब होते एवढेच. दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना नावाचा देश आहे. त्याची राजधानी बुएनोस आयरेस. टोकियो कुठे आणि हे शहर कुठे! दोन्हींच्या घड्याळांत बरोबर बारा तासांचे अंतर. तिथे सकाळ तेव्हा इथे रात्र, तिथे उन्हाळा तेव्हा इथे हिवाळा. या शहराची भुयारी रेल्वे टोकियोपेक्षाही जुनी. तिचा पहिला मार्ग १९१३ सालच्या १ डिसेंबरला खुला झाला. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जगातला तो पहिलाच भुयारी मार्ग. पण पुढे देशाचे दिवस पालटले. पैशाची चणचण, भाववाढ, राजकीय उलथापालथी यांत रेल्वेकडे दुर्लक्ष झाले. १९९४ साली ती चालवायला एका खाजगी कंपनीकडे दिली. नव्या गाड्या घ्यायला पुरेसा पैसा नाही आणि जुन्या गाड्या थकलेल्या, अशी अवस्था होती.

आता वाटेल तिथली गाडी वाटेल तिथे धावत नाही, हे रेल्वेचे पहिले सूत्र. रुळांमधले अंतर जुळावे लागते. आपल्या मोठ्या रेल्वेचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतरावर असतात. माथेरानची छोटी गाडी जेमतेम ६१० मिलिमीटरवर चालते. एकीची चाके दुसरीच्या रुळांवर बसणार नाहीत. गंमत अशी की अर्जेंटिनाच्या मोठ्या रेल्वेमार्गांपैकी बरेचसे आपल्यासारखेच १६७६ मिलिमीटरचे आहेत, आणि जपानची सर्वसाधारण रेल्वे १०६७ मिलिमीटरची. त्यांचा मेळ कसा बसायचा? पण मारुनोउची मार्ग जपानच्या सर्वसाधारण मापाचा नव्हता. तो होता १४३५ मिलिमीटरचा. आणि बुएनोस आयरेसचा 'ब' मार्ग, जो १९३० सालच्या ऑक्टोबरात खुला झाला, तोही नेमका १४३५ मिलिमीटरचा!

मेळ इथेच संपत नाही. आपल्या लोकलला वीज डोक्यावरच्या तारेतून मिळते. मारुनोउचीच्या गाडीला ती मिळे रुळांच्या शेजारून जाणाऱ्या तिसऱ्या रुळातून. असे केले की तारेसाठी बोगदा उंच खणावा लागत नाही आणि खर्च वाचतो. विजेचा दाब ६०० व्होल्ट. बुएनोस आयरेसच्या सगळ्या भुयारी मार्गांत तिसऱ्या रुळावर चालणारा मार्ग होता एकच, तो म्हणजे 'ब' मार्ग. आणि त्याचाही दाब ६०० व्होल्ट. दोन शहरांनी एकमेकांना न विचारता, पंचवीस वर्षांच्या अंतराने, जे निर्णय घेतले ते असे जुळून आले. फरक होता तो रुंदीचा. जपानी डबे अंगाने बारीक, 'ब' मार्गाचे फलाट जास्त रुंद डब्यांसाठी बांधलेले. मग मध्ये फट राहू लागली. उपाय साधा केला: दारांपाशी डब्याला बाहेर आलेल्या फळ्या बसवल्या, की उतारूचा पाय फटीत जाऊ नये.

अशा रीतीने सव्वाशेवर डबे बोटींत चढले आणि समुद्र ओलांडून गेले. १९९५-९६ च्या सुमारास तांबडी गाडी नव्या गावी कामावर रुजू झाली. पाट्या बदलल्या, पण सगळ्याच नाही. काही डब्यांत जपानी अक्षरे तशीच राहिली, आणि स्पॅनिश बोलणारे उतारू वर्षानुवर्षे त्या न कळणाऱ्या अक्षरांखाली उभे राहून कामाला गेले. टोकियोत जिने चाळीस वर्षे चाकरी केली, तिने इथे वीस वर्षांहून अधिक केली.

ही वीस वर्षे आपोआप झाली नाहीत, हे शिक्षकमंडळींनी मुलांना आवर्जून सांगावे. ज्या कारखान्यांनी हे डबे बांधले ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. मूळ घडणीचा काळ सरून गेलेला. तरी रोज रात्री गाडी कारखान्यात येई, कुणीतरी तिच्या खाली शिरे, झिजलेला भाग ओळखी, घासून-जुळवून बसवी, आणि सकाळी ती पुन्हा धावे. या माणसांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. पण यंत्राचे आयुष्य कारखानदार ठरवतो त्याहून जास्त अशी माणसे ठरवतात. आपल्या गावातही पाहा. एकाच वेळी, एकाच दुकानातून घेतलेली दोन इंजिने. एक पाच वर्षांत भंगारात जाते, दुसरे वीस वर्षे विहिरीवर पाणी ओढते. लोखंड तेच, हात वेगळे.

पण इथे एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर 'जुने ते सोने' म्हणून आपण मोकळे होऊ. याच 'ब' मार्गावर पुढे २०११ साली स्पेनमधल्या माद्रिद शहराच्या जुन्या गाड्या घेतल्या. २०१८ साली असे आढळले की त्यांच्या काही भागांत ॲस्बेस्टॉस आहे. हा तंतूसारखा खनिज पदार्थ उष्णता आणि आग अडवतो, म्हणून पूर्वी जगभर यंत्रांत, इमारतींत सर्रास वापरीत. पण त्याची बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेली तर कित्येक वर्षांनी कर्करोगासारखे आजार होतात. त्या गाड्या सेवेतून काढाव्या लागल्या. धोका सगळ्यांत जास्त कुणाला? गाडीच्या खाली शिरून घासणाऱ्या, पुसणाऱ्या, कापणाऱ्या त्याच कामगाराला. जुनी वस्तू घेताना रूळ जुळतात का, वीज जुळते का, किंमत परवडते का, हे विचारतात. तिच्या पोटात काय दडले आहे आणि ते कुणाच्या अंगावर येणार, हेही विचारले पाहिजे. विकणाऱ्यानेही ते लपवू नये. काटकसर चांगली, पण ती कामगाराच्या श्वासातून करायची नसते.

आता या चरित्राचा शेवटचा भाग. एकदा विकलेली वस्तू कोणी परत विकत घेतो का? २०१६ साली टोकियोने घेतली. जुन्या निमसरकारी संस्थेच्या जागी २००४ पासून टोकियो मेट्रो ही कंपनी आली होती. तिने बुएनोस आयरेसहून ५०० जातीचे ४ डबे परत मागवले. जुलै महिन्यात ते योकोहामाच्या बंदरात उतरले आणि तिथून टोकियोतल्या नाकानोच्या कारखान्यात गेले. कशासाठी? नुसते काचेआड ठेवायला म्हणाल तर पहिल्या ३०० जातीचा ३०१ क्रमांकाचा डबा टोकियोच्या कासाई भागातल्या भुयारी रेल्वेच्या संग्रहालयात आधीपासूनच जपलेला होता. हे डबे आणले ते तरुण कामगारांना शिकवायला. आजची गाडी संगणकावर चालते. बिघाड झाला तर एक बंद पेटी काढायची आणि दुसरी बसवायची. आत काय घडते ते दिसत नाही. जुन्या गाडीत प्रत्येक क्रिया डोळ्यांना दिसते: स्पर्श होतो तो कुठे, वीज तुटते ती कुठे, हवा सुटते ती कुठून. जुना डबा उघडायचा, त्याची मूळची घडण समजून घ्यायची, शक्य तर तो पुन्हा चालता करायचा. असे करताना ज्येष्ठांच्या हातातली विद्या तरुणांच्या हातात जावी, हा हेतू.

मला या घटनेत एक विलक्षण गोष्ट दिसते. १९५४ साली टोकियोने परक्याची विद्या आणून ही गाडी केली. साठ वर्षांनी आपलीच विद्या विसरायला नको म्हणून तीच गाडी परक्याकडून परत आणली. मधल्या काळात ती विद्या कुणी जिवंत ठेवली होती? तर बुएनोस आयरेसच्या कारखान्यातल्या मिस्त्रींनी. जिला आपण दुसऱ्याची टाकून दिलेली वस्तू म्हणू, ती त्यांनी वापरात ठेवली म्हणून मूळ मालकाला शिकायला मिळाली. देणारा मोठा आणि घेणारा लहान असे आपण धरून चालतो; इथे हिशेब इतका सोपा राहत नाही.

मारुनोउची मार्गावर २०१९ सालच्या फेब्रुवारीत आणखी नव्या गाड्या धावू लागल्या. मधल्या ॲल्युमिनियमच्या गाड्या राखी चंदेरी होत्या, अंगावर नुसता तांबडा पट्टा. या नव्या गाड्या मात्र पुन्हा सबंध तांबड्या रंगवल्या, आणि त्यांच्या अंगावर पांढऱ्या पट्ट्यात ती लाटेची नक्षीही परत आली. आतले सगळे यंत्र वेगळे, पण दुरून पाहिले तर आजीचे रूप नातीने घेतलेले.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. इतिहासाच्या तासाला मुलांना एकदा गावातले सगळ्यांत जुने, पण अजून चालू असलेले यंत्र शोधून काढायला सांगा. पिठाची गिरणी असेल, शिंप्याचे शिवणयंत्र असेल, विहिरीवरचे इंजिन असेल. ते कोणत्या साली आले, कुठून आले, कितीदा मोडले, कुणी नीट केले, हे मुलांनी त्या त्या माणसांना विचारून वहीत लिहावे. बनवणाऱ्याचे नाव यंत्रावरच्या पत्र्यावर कोरलेले असतेच. नीट करणाऱ्याचे नाव मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. तेवढे मुलांनी विसरू नये.